दोन दूरच्या विमानतळांमधलं हवाई अंतर कसं काढायचं: नाशिककरांसाठी पहिल्यापासून

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हल्ली एक नवीन काम येऊन पडलंय. युरोपातला ग्राहक एक फॉर्म पाठवतो आणि विचारतो, वर्षभरात तुमच्या माणसांनी विमानाने किती किलोमीटर प्रवास केला? कार्बनच्या हिशेबातला हा ‘स्कोप थ्री’चा, म्हणजे कंपनीच्या कामामुळे पण तिच्या स्वतःच्या यंत्रांबाहेर होणाऱ्या उत्सर्जनाचा रकाना. तो भरण्याची जबाबदारी बहुतेक वेळा अकाउंट्स किंवा एचआरमधल्या कुणावर तरी येते, आणि त्या माणसाचा विमानांशी संबंध तिकिटाचं बिल पास करण्यापुरताच असतो. मी हेच काम करते. नव्याने या कामाला लागलेल्यांचे प्रश्न जवळजवळ तेच असतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढलंय. ज्यांना शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा निव्वळ कुतूहलापोटी अंतर काढायचंय, त्यांनाही हीच रीत चालेल. गणित दहावीच्या त्रिकोणमितीच्या फार पलीकडे जात नाही.

१. आधी ठरवा: अंतर कशासाठी हवंय?

हा प्रश्न सोडून बाकी सगळं नीट केलं तरी आकडा चुकतो, कारण दोन विमानतळांमधलं अंतर हे एकच नसतं.

पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन विमानतळांमधला सर्वांत जवळचा मार्ग, हे एक. याला ‘ग्रेट सर्कल’ अंतर म्हणतात, आपण बृहद्‌वृत्तीय अंतर म्हणू. त्या दिवशी विमान खरोखर जितकं उडालं ते दुसरं. तिकिटाच्या भाड्यासाठी विमान कंपन्या जे मैल धरतात ते तिसरं. कार्बनच्या हिशेबाला पहिलं लागतं, आणि त्यावर ठरलेली वाढ (ती नवव्या पायरीत). विमानाला उशीर झाला म्हणून युरोपीय महासंघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाखाली भरपाई मागायची असेल, तरीही पहिलंच लागतं. तिथे १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या मर्यादा आहेत. पण टप्प्यांची मोजणी या दोन कामांत वेगळी होते. ते आठव्या पायरीत सांगते.

फॉर्म पाठवणाऱ्याला एक ओळीचं मेल टाका: ‘ग्रेट सर्कल अंतर हवं आहे का, आणि टप्प्यानुसार का?’ उत्तर येईपर्यंत पुढची तयारी करता येते.

२. कागद आणि साधनं

प्रत्येक प्रवासाचे हे जवळ हवेत:

- ई-तिकीट किंवा पूर्ण आयटिनररी, ज्यावर प्रत्येक टप्प्याचे तीन अक्षरी कोड दिसतात
- बोर्डिंग पास, निदान त्याचा मोबाइलवरचा फोटो
- तिकीट बदललं असेल तर बदललेलं तिकीट
- कोणत्या क्लासने प्रवास झाला त्याची नोंद (कार्बनच्या हिशेबात बिझनेस क्लासला जास्त भार धरतात)

नुसत्या ट्रॅव्हल एजंटच्या बिलावर विसंबू नका. त्यावर अनेकदा ‘नाशिक–बर्मिंगहॅम’ एवढंच लिहिलेलं असतं. माणूस ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, दिल्लीमार्गे गेला की गाडीने मुंबईला जाऊन तिथून उडाला, हे त्यावरून कळत नाही. गाडीने गेला असेल तर नाशिक–मुंबई हा भाग विमानाच्या रकान्यात येतच नाही. तो रस्त्याच्या प्रवासात लिहायचा.

साधनांत एक्सेल, साइन-कॉस असलेला कॅल्क्युलेटर (मोबाइल आडवा धरला की बहुतेक फोनांत तो मिळतो) आणि पडताळणीसाठी ‘ग्रेट सर्कल मॅपर’ हे संकेतस्थळ किंवा गुगल अर्थमधली मोजपट्टी. पृथ्वीचा गोल घरात असेल तर तोही काढून ठेवा.

३. शहर नाही, विमानतळ पक्का करा

न्यूयॉर्क म्हणजे जेएफके, नेवार्क की लाग्वार्डिया? लंडन म्हणजे हीथ्रो की गॅटविक? मुंबईतही आता सांताक्रूझचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय असे दोन विमानतळ आहेत. ‘एलओएन’ आणि ‘एनवायसी’ हे शहरांचे कोड आहेत, विमानतळांचे नाहीत. ते आयटिनररीत दिसले तर थांबा आणि खरा कोड शोधा.

सारख्या नावांची शहरं हा मोठा सापळा. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे (बीएचएक्स) आणि अमेरिकेत अलाबामा राज्यातही आहे (बीएचएम). हैदराबाद तेलंगणात आहे (एचवायडी) आणि पाकिस्तानात सिंध प्रांतातही (एचडीडी). सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातही आहे. नाव टाइप केल्यावर संकेतस्थळ वरचा पर्याय आपोआप उचलतं, आणि हजारो किलोमीटरचा फरक गुपचूप शीटमध्ये जाऊन बसतो.

शंका आली तर चार अक्षरी कोड बघा. विमानतळांना दोन कोड असतात: तिकिटावरचा तीन अक्षरी आयाटाचा (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) आणि वैमानिकांच्या कागदपत्रांतला चार अक्षरी आयकाओचा (संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संघटना). चार अक्षरी कोडच्या सुरुवातीवरून प्रदेश कळतो. ओझर ‘व्हीएओझेड’, मुंबई ‘व्हीएबीबी’, दिल्ली ‘व्हीआयडीपी’. ‘व्हीए’ म्हणजे पश्चिम भारत, ‘व्हीआय’ म्हणजे उत्तर.

आपल्या ओझरबाबत एक खास सूचना. ओझरचा कोड आयएसके. पण काही जुन्या याद्यांत आयएसकेसमोर अजूनही नाशिकमधल्याच गांधीनगरच्या धावपट्टीचे अक्षांश-रेखांश सापडतात. दोन्हींत साधारण २० किलोमीटरचं अंतर आहे. लांबच्या प्रवासात ते फारसं जाणवत नाही, पण ऑडिटरने बिनतक्रार मान्य करावं असं वाटत असेल तर ओझरचेच घ्या.

४. अक्षांश-रेखांश मिळवा

गुगल मॅप्सवर विमानतळाच्या धावपट्टीच्या मधोमध उजवं क्लिक केलं की वर दोन आकडे येतात: आधी अक्षांश, मग रेखांश. मोबाइलवर बोट दाबून धरायचं. आपल्या कामाला दोन दशांश स्थळं पुरतात, कारण तेवढ्यात चूक फार तर किलोमीटरभराची राहते.

आपल्या उदाहरणांसाठी हे घ्या:

- ओझर: २०.१२, ७३.९१
- मुंबई (बीओएम): १९.०९, ७२.८७
- दिल्ली: २८.५७, ७७.१०
- लंडन हीथ्रो: ५१.४७, −०.४६
- न्यूयॉर्क जेएफके: ४०.६४, −७३.७८

इथे दोन चुका फार होतात.

पहिली, चिन्हाची. विषुववृत्ताच्या दक्षिणेचे अक्षांश आणि ग्रिनिचच्या पश्चिमेचे रेखांश ऋण लिहायचे. न्यूयॉर्कच्या ७३.७८ पुढचं ऋण चिन्ह राहिलं तर काय होतं बघा. मुंबईचा रेखांश ७२.८७, म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच रेषेवर येतात, आणि उत्तर येतं सुमारे २,४०० किलोमीटर. तुमचं न्यूयॉर्क थेट किर्गिझस्तानात जाऊन पडलेलं असतं! एक्सेल कसलीही तक्रार करत नाही.

दुसरी, मिनिटं-सेकंदांची. मुंबईचा रेखांश काही ठिकाणी ७२°५२′०५″ असा दिलेला असतो. तो ७२.५२०५ असा उतरवायचा नाही. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून अंशात मिळवायचे: ७२ + ५२/६० + ५/३६०० = ७२.८६८१. तसाच उतरवला तर विमानतळ ३५ किलोमीटरहून जास्त पश्चिमेला, अरबी समुद्रात सरकतो.

५. भिंतीवरच्या नकाशावरची सरळ रेष विसरा

ही पायरी हिशेबाची नाही, पण ती डोक्यात बसल्याशिवाय पुढच्या आकड्यांवर विश्वास बसत नाही.

वर्गातल्या जगाच्या नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाईल. मर्केटर पद्धतीच्या नकाशावरच्या त्या रेघेने विमान गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर उडावं लागेल. आता गोल घ्या. शिवणकामाचा दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताठ ओढा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो: मध्य आशियावरून, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, नॉर्वे ओलांडून, आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो आणि तिथून न्यूयॉर्क. हे अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर. नकाशावर वाकडी दिसणारी वाट साडेसोळाशे किलोमीटरहून जास्त वाचवते.

मुलं घरात असतील तर त्यांना बोलावून हे दाखवाच. मला दर वेळी तितकंच नवल वाटतं.

६. सूत्र एकदा हाताने सोडवा

तयार संकेतस्थळ असताना हाताने कशाला, असं वाटेल. पण ग्राहकाचा ऑडिटर ‘पद्धत कोणती?’ असं विचारतो, तेव्हा ‘संकेतस्थळावर आलं’ हे उत्तर चालत नाही. एकदा स्वतः सोडवलं की पुढे कुणालाही समजावून सांगता येतं.

सूत्र असं:

कॉस(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कॉस(पहिला अक्षांश) × कॉस(दुसरा अक्षांश) × कॉस(रेखांशांतला फरक)

इथला ‘कोन’ म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून दोन्ही विमानतळांकडे रेषा काढल्या तर त्यांच्यामध्ये होणारा कोन. मुंबई–न्यूयॉर्कसाठी, कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून:

- रेखांशांतला फरक: ७२.८७ − (−७३.७८) = १४६.६५
- साइन १९.०९ × साइन ४०.६४ = ०.२१३०
- कॉस १९.०९ × कॉस ४०.६४ × कॉस १४६.६५ = −०.५९९०
- बेरीज: −०.३८६०
- शिफ्ट दाबून कॉस (म्हणजे कॉस-इन्व्हर्स): ११२.७ अंश

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. ११२.७ × १११.२ = सुमारे १२,५३२ किलोमीटर. झालं.

पृथ्वी तंतोतंत गोल नाही, ध्रुवांशी किंचित चपटी आहे: विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवांशी ६,३५७. त्यामुळे या सूत्राच्या उत्तरात जास्तीत जास्त अर्धा टक्का इकडेतिकडे होतं. चपटेपणा धरून काढायची व्हिन्सेंटी यांची १९७५ सालची पद्धत आहे आणि अनेक संकेतस्थळं तशीच किंवा तिच्यासारखी पद्धत वापरतात. म्हणून तुमचं उत्तर आणि त्यांचं उत्तर दहा-पंधरा किलोमीटरने वेगळं आलं तर घाबरू नका. दीडशे-दोनशेचा फरक आला तर मात्र चिन्ह किंवा कोड चुकलाय.

७. एक्सेलमध्ये बसवा

एका ओळीत एक टप्पा. रकाने: कुठून, कुठे, चारही आकडे, अंतर. विमानतळांचे आकडे वेगळ्या शीटवर एकदाच लिहा आणि व्ही-लुकअपने (यादीतून आकडा शोधून आणणारं एक्सेलचं फंक्शन) ओढा. दर वेळी हाताने टाइप केले की चिन्ह कधी ना कधी गळणारच.

एक्सेलचं साइन आणि कॉस अंश समजत नाही, रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) मागतं. प्रत्येक कोनावर आधी ‘रेडियन्स’ हे फंक्शन लावा. शेवटी ‘एकॉस’चं (एक्सेलमधलं कॉस-इन्व्हर्स) उत्तर रेडियनमध्येच येतं, त्याला थेट ६,३७१ ने गुणा, तिथे १११.२ वापरायचं नाही. रेडियन्स लावायचं राहिलं तर उत्तर चुकतं, पण चुकलेलं दिसत नाही. आकडा येतो काही हजारांत कुठेतरी, अगदी खरा वाटावा असा. म्हणून शीट तयार झाली की आधी या जोड्या घालून तपासा, वर दिलेले अक्षांश-रेखांश वापरून:

- ओझर–दिल्ली: ९९३
- ओझर–मुंबई: १५८
- मुंबई–लंडन हीथ्रो: ७,२१३
- लंडन हीथ्रो–न्यूयॉर्क जेएफके: ५,५४०
- मुंबई–न्यूयॉर्क जेएफके: १२,५३२

एक-दोन किलोमीटर मागेपुढे चालेल. आणखी एक चाळणी लावा: पृथ्वीवर कुठल्याही दोन जागांमधलं अंतर २०,०१५ किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही. एकाच टप्प्याचं अंतर १५,५०० च्या वर दिसलं तरी ती ओळ तपासा, कारण सिंगापूर–न्यूयॉर्क ही अतिलांब विनाथांबा सेवासुद्धा १५,३४९ किलोमीटरची आहे.

एककाचं भान ठेवा. संकेतस्थळं कधी मैल देतात, कधी सागरी मैल. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. मुंबई–न्यूयॉर्क ७,७८७ मैल किंवा ६,७६७ सागरी मैल. सागरी मैलांना साधे मैल समजून बदललं तर आकडा तेरा टक्क्यांनी कमी भरतो.

८. टप्पे: कधी बेरीज, कधी टोकापासून टोकापर्यंत

कार्बनसाठी विमान जिथे जिथे उतरलं ते सगळे टप्पे वेगवेगळे काढून मिळवायचे. मुंबई–लंडन–न्यूयॉर्क म्हणजे ७,२१३ + ५,५४० = १२,७५३. थेट जाण्यापेक्षा २२१ किलोमीटर जास्त, कारण लंडन त्या वाटेपासून फार दूर नाही.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ यांत फरक असतो. डायरेक्ट विमान त्याच क्रमांकाने मध्ये एखाद्या ठिकाणी उतरू शकतं. प्रवाशाने खुर्ची सोडली नसेल तरी हिशेबात दोन टप्पे धरायचे. हे तिकिटावर ‘थांबे’ या शब्दापुढे बारीक अक्षरांत असतं.

उशिराच्या भरपाईत मात्र एकाच बुकिंगवरचा प्रवास असेल तर पहिलं उड्डाण जिथून सुटलं तिथपासून शेवटच्या ठिकाणापर्यंत, असं सरळ बृहद्‌वृत्तीय अंतर धरतात. मधला थांबा मोजत नाहीत. फ्रँकफर्टहून दुबईमार्गे मुंबईला परत येणाऱ्याचं कार्बनचं अंतर ४,८४३ + १,९२६ = ६,७६९ होईल, भरपाईचं ६,५६९. दोन्ही आकडे बरोबर आहेत, आपापल्या जागी. एका फाइलमधला आकडा उचलून दुसऱ्या फाइलमध्ये टाकू नका.

९. प्रत्यक्ष उडालेलं अंतर आणि वरची वाढ

विमान कधीच तंतोतंत त्या दोऱ्यावरून जात नाही. हवाई मार्ग आखलेले असतात, विमानतळावर उतरण्याआधी घिरट्या पडतात, वारा बघावा लागतो, काही देशांची हद्द बंद असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या उड्डाणांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. विमानतळ होते तिथेच होते, बृहद्‌वृत्तीय अंतरही तेवढंच राहिलं. उडालेलं अंतर वाढलं.

वेळेवरून अंतर काढायचा मोह टाळा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेलं. सरळ अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर असताना विमान जवळपास १५,३०० किलोमीटर उडालं, तरी वेळ आधीपेक्षा कमी लागला, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचे वेगवान वारे, पाठीशी होते. ‘साडेचौदा तास गुणिले ताशी नऊशे’ असल्या गुणाकारातून विमानतळांमधलं अंतर मिळत नाही.

मग कार्बनसाठी काय करायचं? उडालेलं अंतर शोधत बसायचं नाही. बृहद्‌वृत्तीय अंतरावर ठरलेली वाढ द्यायची. आयकाओच्या कार्बन कॅल्क्युलेटरच्या पद्धतीत ५५० किलोमीटरखालच्या टप्प्याला ५०, ५५० ते ५,५०० पर्यंत १००, आणि त्यावर १२५ किलोमीटर मिळवतात. ब्रिटिश सरकारचे उत्सर्जन-गुणांक (दर किलोमीटरमागे किती कार्बन धरायचा ते आकडे) वापरणार असाल तर त्यांत ८ टक्के वाढ आधीच धरलेली असते, तिथे वरून काहीही मिळवायचं नाही. दोन्ही वाढी एकदम लावलेल्या शीट्स मी पाहिल्या आहेत, आणि त्यात कंपनीच्या नावावर विनाकारण जास्त कार्बन चढतो.

१०. नोंद ठेवताना

अंतर पूर्ण किलोमीटरमध्ये लिहा. दशांश लिहिल्याने अचूकता वाढत नाही. शीटच्या वर तीन ओळी हव्यात: सूत्र कोणतं, त्रिज्या किती धरली, वाढ दिली की नाही आणि कोणत्या पद्धतीने. अक्षांश-रेखांश कुठून आणि कोणत्या तारखेला घेतले तेही. परतीचा प्रवास वेगळ्या ओळीत लिहा, दुप्पट करून मोकळे होऊ नका. जाताना ओझर–दिल्ली आणि येताना मुंबईला उतरून गाडीने घरी, असं आपल्याकडे सर्रास होतं. रद्द झालेली तिकिटं काढून टाकायची असतात, म्हणून बोर्डिंग पासचा फोटो त्याच फोल्डरमध्ये, तारखेच्या नावाने ठेवा. मार्चअखेरीला माणसं शोधून पास मागण्यापेक्षा प्रवासखर्चाचं बिल मंजूर करतानाच तो मागून घेतलेला बरा.